पापणीच्या आतला रंग

माझ्या लहानपणी घरी चार-पाच शेळ्या होत्या. पावसाळ्यात त्यांतली एखादी मलूल व्हायची, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज लोंबायची. बाकीच्या खुशाल चरत असायच्या. “हिलाच नजर लागली,” अम्मी म्हणायची. रान एक, गोठा एक, मग एकीलाच का? याचं उत्तर मला फार उशिरा वाचायला मिळालं.

अशी सूज पुष्कळदा एका जंताची खूण असते. हिमोंकस नावाचा हा दोऱ्यासारखा जंत शेळ्यामेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात, ओल-उबेत त्यांच्या अळ्या होतात, ओल्या पात्यांवर चढतात आणि चरणाऱ्या दुसऱ्या जनावराच्या पोटात जातात.

गंमत अशी, की कळपात हे जंत सारखे वाटलेले नसतात. ढोबळ हिशेबाने ऐंशी टक्के जंत वीस टक्के जनावरांच्या पोटात असतात. नुकतं दूध तुटलेलं कोकरू, नुकतीच व्यालेली मेंढी यांची प्रतिकारशक्ती कमी पडते. जातीजातीतही फरक आहे. सुंदरबनातली बुटकी गरोळ मेंढी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने आणली ती जुळ्यांसाठी. पण या जंतापुढे ती आपल्या दख्खनी मेंढीपेक्षा चिवट निघाली. शेळी मुळात झुडपांचा पाला ओरबाडणारी. तिला खाली गवतावर चरायला लावलं, की ती मेंढीपेक्षा लवकर खचते.

म्हणजे सगळं कुरण नासवतात ती मूठभर जनावरं. आपण मात्र सरसकट सगळ्या कळपाला औषध पाजतो. मग औषधाला न जुमानणारे जंतच तेवढे उरतात, त्यांचीच पिलावळ वाढते आणि एक दिवस औषध लागूच पडत नाही. ज्याची दौलतच चार शेळ्या, त्याने मग करावं काय?

दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या दशकात यावर एक साधा तक्ता निघाला. फाफा मालान या पशुवैद्यांच्या नावावरून त्याला ‘फामाचा’ म्हणतात. जनावराची खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा. लालबुंद म्हणजे १, पांढराफटक म्हणजे ५. फिकटलेल्यांनाच औषध द्यायचं. बाकीच्यांच्या पोटातले औषधाने मरू शकणारे जंत राहू द्यायचे. त्यांचा चिवट जंतांशी संकर होत राहतो आणि औषधाची धार टिकते.

पापणी पांढरी पडायला यकृतातल्या पर्णकृमींसारखी इतरही कारणं असतात, तेव्हा पशुवैद्याचा सल्ला हवाच. रंग अंदाजाने ठरवू नये. छापील तक्त्याशी ताडून, दिवसाच्या उजेडात आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाहावा.