संतपद आणि स्वर्ग

वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. रोमनें त्याला संतपद दिलें तें १८६२ सालीं. मग मधलीं २६५ वर्षें त्याचा आत्मा कोठें होता? कॅथॉलिक धर्मशास्त्र सांगतें, स्वर्गांतच. धर्मासाठीं प्राण देणारास शुद्धिस्थानांत थांबावें लागत नाहीं. पोप कोणास स्वर्गांत धाडीत नाहीं. अमुक आत्मा तेथें पोंचला आहे, भाविकांनीं त्याची मध्यस्थी निःशंकपणें मागावी, एवढेंच जाहीर करतो. लाभ होतो तो मागें राहिलेल्यांस.

अशी घोषणा न झालेले असंख्य आत्मेही स्वर्गांत आहेत, असें हा धर्म मानतो व १ नोव्हेंबरला त्या सर्वांचा सण पाळतो. वसईंतील एखाद्या पुण्यशील आजीचें नांव रोमला कधींच कळलें नाहीं, म्हणून तिचें तेथील स्थान हिरावलें जात नाहीं.