खिंड आणि पहारा

सरपणाची मोळी चुलीशेजारी महिनोन्महिने पडून असते. हवेतील प्राणवायू तिला चोहोबाजूंनी भिडलेला असतो. दोहोंचा संयोग झाला की उष्णता सुटते. म्हणजे वाट उताराचीच आहे. तरीही काडी लावल्यावाचून मोळी पेटत नाही. असे का?

कारण उतारापूर्वी एक चढ आहे. जुने बंध सैल झाल्याखेरीज नवे जुळत नाहीत, आणि ते सैल करण्यास आधी पदरची ऊर्जा घालावी लागते. हीच सक्रियण ऊर्जा. स्वीडनच्या अऱ्हेनियसने 1889 साली हा विचार गणितात मांडला. डोंगर ओलांडणारा वाटसरू शिखर गाठीत नाही, खिंड शोधतो; रेणूंचेही तसेच. त्या खिंडीच्या माथ्यावर जुना बंध पुरता तुटलेला नसतो व नवा पुरता जुळलेला नसतो. ही संक्रमण अवस्था. अमेरिकेत आयरिंगने आणि इंग्लंडात एव्हान्स व पोलान्यी यांनी 1935 साली तिचा सिद्धान्त उभा केला.

तापमान वाढले म्हणून खिंड खाली येत नाही. ती चढण्याचे बळ असलेले रेणू मात्र झपाट्याने वाढतात. चढ मोलमागे 50 किलोजूलचा असेल, तर 25 अंशांचे 35 अंश होताच विक्रियेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. उत्प्रेरक याहून निराळे काम करतो: तो दुसरी, कमी उंचीची खिंड उघडून देतो.

आम्हा कामगार संघटनेच्या माणसांना हे शास्त्र जिव्हाळ्याचे झाले ते भोपाळमुळे. 1984 च्या 2 डिसेंबरच्या रात्री तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यात, सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट असलेल्या टाकीत पाणी शिरले. हा द्रव 0 अंशाच्या आसपास थंड ठेवावयाचा असे. पण शीतयंत्र काही महिने आधीच बंद केले होते. विक्रियेने उष्णता, उष्णतेने वेग, वेगाने आणखी उष्णता, असे चक्र फिरले. टाकीच्या पोलादातून सुटलेल्या लोखंडाने उत्प्रेरक होऊन त्यात भर घातली. वायू शहरावर पसरला आणि हजारो माणसे गेली.

शीतयंत्राने पाणी अडले नसते, हे खरे. पण विक्रिया मंदावून माणसांना धावपळीस अवधी मिळण्याची आशा होती. खिंडीवरचा पहाराच उठवला गेला होता.

1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना व शेजारच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. ती माहिती मागताना आम्ही दोनच प्रश्न विचारतो: येथे खिंड किती उंच आहे, आणि तिच्यावर पहारा कोणाचा? गावकऱ्यांनीही ते विचारावेत.