नांदेडचं पंख्याचं विमान

सुट्टीत मुखेडला गेलो की मामा विचारतातच, "तू इंजिनावर पीएचडी करतोस ना? मग नांदेडला ते पंख्याचं विमान कामून आणलं होतं? जुना माल खपवला का?"

ते विमान एटीआर 72. 27 एप्रिल 2017 ला उडान योजनेची पहिली विमानं उडाली, त्यात शिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबादही होतं. नांदेडचं विमान ट्रूजेट कंपनीचं, साधारण सत्तर जागांचं. शिमल्याहून उडालं तेही याचंच धाकटं भावंड, एटीआर 42.

आता 'जुना माल'. एटीआर 72 पहिल्यांदा उडालं 1988 साली, आणि सुधारणा होत होत ते आजही बनतं. बाहेरून पंखा दिसतो, पण त्याच्या मागे जेटसारखंच गॅस टर्बाइन असतं. हवा दाबायची, इंधन जाळायचं, तापलेल्या वायूने टर्बाइन फिरवायचं. फक्त इथे बहुतेक ताकद गिअरबॉक्समधून पंख्याला जाते. म्हणून नाव टर्बोप्रॉप.

याचा फायदा काय? समजा, सेकंदाला 100 किलो हवा घेतली आणि तिचा वेग सेकंदाला 100 मीटरने वाढवून मागे ढकलली. किंवा 200 किलो हवा घेऊन वेग 50 नेच वाढवला. विमानाला मिळणारा रेटा दोन्हीकडे सारखाच. पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे मागे सोडलेल्या हवेत वाया जाणारी ऊर्जा दुसऱ्या प्रकारात निम्मी. मोठा पंखा हेच करतो, पुष्कळ हवा आणि हळू.

अडचण वेगाची. विमान फार जोरात गेलं तर पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाला भिडतात आणि सगळा फायदा जातो. म्हणून एटीआर ताशी 500 किमीच्या आसपास राहतं, जेट 800 च्या. पण नांदेड–हैदराबाद हवाई अंतर जेमतेम 250 किमी! हिशोब करा: 30 मिनिटं विरुद्ध 19. तीही कागदावर, कारण एवढ्या अंतरात जेट नीट वर चढेपर्यंत उतरायची वेळ होते. अकरा मिनिटांसाठी कोण जास्तीचं इंधन जाळणार?

"मग बंद कामून पडलं?" हा मामांचा पुढचा प्रश्न, आणि तो जास्त अवघड. उडानमध्ये निम्म्या जागांना तासाभराच्या प्रवासासाठी सुमारे 2,500 रुपयांची मर्यादा होती. तुटीची भरपाई सरकार द्यायचं, पण तीनच वर्षं. ती मुदत संपत आली आणि कोरोना आला. 2022 च्या फेब्रुवारीत ट्रूजेटची उड्डाणंच थांबली. पंख्याने इंधन वाचतं हो, पण विमानाचं भाडं, वैमानिकांचे पगार, देखभाल हे खर्च अंतर कमी म्हणून कमी होत नाहीत, आणि ते वाटायला प्रवासी सत्तरच.

2024 पासून नांदेडहून स्टार एअर उडते, एम्ब्राएर जेटने. दिल्लीकडच्या हजारेक किमीला हाच हिशोब लावला तर दोन तास विरुद्ध सव्वा तास येतो. तिथे मात्र मी जेटच्या बाजूने.