मानेला इजा, मेंदूला धोका

पक्षाघात हा म्हातारपणीचा विकार, अशी आपली समजूत असते. परंतु क्वचित तो तीन-चार वर्षांच्या मुलालाही होतो, आणि त्याचे मूळ कधी कधी मानेत असते, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?

घाटीच्या एका बाजूला दोन बोटे अलगद टेकवा. ठोके लागतात ना? ही मान्या रोहिणी. अशा दोन रोहिण्या मानेच्या पुढील भागातून मेंदूला रक्त पोहोचवतात. आणखी दोन रोहिण्या मागील बाजूस, मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीर वापरते त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन त्याला एकट्याला लागतो! रक्त थांबले, की काही मिनिटांतच त्याच्या पेशी मरू लागतात.

रोहिणीच्या भित्तीला तीन थर असतात. मानेला जोराचा हिसका बसला, तर आतला थर फाटू शकतो. त्या चिरेतून रक्त थरांमध्ये शिरते, भित्ती फुगते आणि रक्ताची वाट अरुंद होते. फाटलेल्या जागी गुठळी धरते. तिचा तुकडा सुटून मेंदूतील बारीक रोहिणीत अडकला, की पक्षाघात होतो.

लहान मुलांत याचे एक साधे कारण आढळते. मूल तोंडात पेन्सिल किंवा दात घासण्याचा ब्रश धरून धावते आणि पडते. टॉन्सिलच्या मागेच मान्या रोहिणीची मेंदूकडे जाणारी शाखा असते. वस्तूचे टोक तिथपर्यंत घुसले नाही, तरी त्याच्या दाबाने आतला थर चिरू शकतो. बाहेरून जखम किरकोळ दिसते, मूल पुन्हा खेळू लागते. पण गुठळी बनायला वेळ लागतो. म्हणून लक्षणे काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही दिसतात.

अशा बहुतेक पडण्यांतून काही विपरीत घडत नाही. तरीही घशात टोक लागले असेल, तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे आणि पुढे दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, झोक जाणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि आधी झालेली इजा आठवणीने सांगावी. मग डॉक्टर मेंदूबरोबर मानेतील रोहिण्यांचीही चित्रे घेतात आणि गरजेप्रमाणे गुठळी वाढू न देणारी औषधे देतात.

धाकट्या भावंडाच्या तोंडात पेन्सिल दिसली, तर तो पळू लागण्याआधी ती काढून घ्या!