रूमवर बिघडतो, लायब्ररीत चालतो : कॉम्प्युटरचे विचित्र बिघाड कसे शोधायचे

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या लॅपटॉपला भूत लागलं होतं. टाईप करता करता कर्सर आपोआप दुसऱ्याच परिच्छेदात उडी मारायचा, कधी अख्खं पान सिलेक्ट व्हायचं आणि पुढच्या अक्षरासरशी उडून जायचं. प्रोग्रेस सेमिनार पंधरा दिवसांवर आला होता. दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने टचपॅड गेलाय म्हणून सांगितलं, बदललाही. दुकानात तासभर चालवून पाहिला, एकदम व्यवस्थित. रूमवर आणला आणि पहिल्या दहा मिनिटांत कर्सरने पुन्हा उडी मारली.

उत्तर सापडलं ते फुकटात. लायब्ररीत असं कधीच होत नाही, फक्त रूमवर होतं, आणि रूमवरसुद्धा चार्जर लावलेला असतानाच होतं, हे दोन दिवस लिहून ठेवल्यावर लक्षात आलं. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट ठेवलं की बारीक झिणझिण्या येत होत्या, त्याकडे मी महिनाभर दुर्लक्ष केलं होतं. होस्टेलच्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं! चार्जरमधून अगदी थोडा करंट लॅपटॉपच्या बॉडीवर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर बॉडीवरच राहतो. टचपॅड तर बोटामुळे होणारा विद्युतभारातला बारीकसा फरक मोजूनच काम करतो, त्यामुळे तो गोंधळतो. तुमचा कर्सर उड्या मारत असेल तर आधी चार्जर काढून पाहा. उड्या थांबल्या तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. टू-पिनचं अडाप्टर लावून तिसरी पिन चुकवत असाल तर ते आजच बंद करा. यात प्रश्न फक्त कर्सरचा नाही, शॉकचाही आहे.

हा किस्सा सांगायचं कारण असं, की बिघाड जिथे दिसतो तिथेच असतो असं आपण धरून चालतो आणि तिथेच पैसे घालतो. ‘काय बिघडलंय?’ हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न ‘कधी होतं आणि कधी होत नाही?’ हा. संशोधनात आपण हेच करतो, पण स्वतःचं मशीन बिघडलं की सगळं विसरून रीस्टार्ट मारतो.

ट्रे हॅरिस या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी त्यांना फोन केला : आमचा ई-मेल ५०० मैलांच्या पलीकडे जात नाही. कोणीही हसेल. ई-मेलला अंतर कुठून कळणार? पण ती मंडळी संख्याशास्त्राची. त्यांनी फोन करण्याआधी काही दिवस माहिती गोळा केली होती, नकाशा काढला होता. हॅरिस यांनी स्वतः मेल पाठवून पाहिले आणि खरोखरच ५०० मैलांच्या थोडं पुढे मेल अडकत होता. झालं असं होतं, की सर्व्हर अपडेट करताना मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती बसली होती. सेटिंगची फाईल मात्र नव्या आवृत्तीची. जुन्या प्रोग्रॅमला त्यातल्या ओळी कळेनात, म्हणून ‘समोरच्या मशीनची वाट किती वेळ पाहायची’ याचं उत्तर शून्य झालं. प्रत्यक्षात हे शून्य म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात प्रकाश साधारण ९०० किलोमीटर जातो, म्हणजे ५६० मैलांच्या आसपास. तक्रार वेडगळ वाटत होती, निरीक्षण मात्र अचूक होतं. मला यातला नकाशा काढणारा माणूस जास्त आवडतो.

आता नेहमी भेटणारी काही कारणं बघू.

पहिलं घड्याळ. लॅबमधला जुना पीसी सुरू केला की वेबसाईट उघडत नाहीत, प्रत्येक ठिकाणी ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. आपण वायफायला शिव्या घालतो. कोपऱ्यातली तारीख पाहिलीत का? मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. तो संपला की पीसीची वीज गेल्यावर घड्याळ बऱ्याच वर्षांपूर्वीच्या तारखेला जाऊन बसतं. वेबसाईटचं प्रमाणपत्र त्या तारखेला अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून ब्राउझर अडवतो. सेल स्वस्त मिळतो, बदलायला पाच मिनिटं लागतात. पण त्या पीसीला एखादं उपकरण जोडून रीडिंग घेत असाल, तर मधल्या काळातल्या फाइलींवर खोट्या तारखा पडलेल्या असतात. सेल बदलला म्हणून त्या सुधारत नाहीत, तेवढ्या शोधून वेगळ्या नोंदवाव्या लागतात.

दुसरं मेमरी, म्हणजे रॅम. इथे एक ढोबळ नियम उपयोगी पडतो. दर वेळी एकच प्रोग्रॅम, एकच काम करताना बंद पडत असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये असतो. आज वर्ड, उद्या ब्राउझर, परवा नुसता रिकामा डेस्कटॉप असताना मशीन बसत असेल तर रॅम, उष्णता किंवा पॉवर सप्लाय यांच्यावर संशय घ्या. डेस्कटॉपची रॅम काढून, तिची सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसून परत घट्ट बसवणं हा आपल्याकडचा दुकानदारी उपाय आहे. तो बऱ्याचदा चालतो, कारण खरा दोष सैल किंवा मळलेल्या जोडात असतो. फक्त वायर काढून ठेवा आणि खोडरबराचा भुगा झटकून टाका. त्यानेही भागलं नाही तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तरी ती रॅम बदला, ‘एवढीशीच तर आहे’ म्हणू नका.

एवढीशी म्हणजे केवढी, ते बेल्जियममध्ये दिसलं. १८ मे २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक इथे एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त मोजली गेली. आकडा शक्य मतांपेक्षा मोठा निघाला, म्हणूनच चूक पकडली गेली. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात. मेमरीतला एकच बिट ० चा १ झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. अवकाशातून येणाऱ्या कणामुळे तसं झालं असावं असं म्हणतात, सिद्ध काही झालेलं नाही. तो आकडा ‘शक्य’ वाटण्याइतका लहान असता तर?

पेनड्राइव्हबद्दल थोडक्यात. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलं आणि ड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, असं झालं तर घाबरून फॉरमॅट करू नका. फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. शॉर्टकटवर डबल-क्लिक मात्र करू नका, व्हायरस चालू होतो तो त्यानेच. आधी अँटिव्हायरसने तपासा, मग लपलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग चालू करून त्या दुसरीकडे कॉपी करा. मे महिन्यात दुपारी मशीन कासव होतं, तेव्हा मात्र फारसं शोधायचं नसतं. पंख्यात धूळ असते आणि लॅपटॉप गादीवर ठेवलेला असतो.

हे सगळे बिघाड निदान स्वतःहून दिसतात. मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्यांची, जिथे मशीन बंद पडत नाही, लाल अक्षरात काही येत नाही, फक्त उत्तर चुकतं.

एक्सेलचं उदाहरण जीवशास्त्रवाल्यांना माहीत असेल. ‘सेप्ट२’, ‘मार्च१’ अशी जनुकांची नावं एक्सेलमध्ये टाकली की त्यांची तारीख होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांशात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलण्यात आली! तुमचं संशोधन जनुकांवर नसेल, पण सर्वेक्षणाच्या तारखा तर असतील? मशीनचं सेटिंग अमेरिकन पद्धतीचं असेल तर ०५/०३ ही ५ मार्चची तारीख गुपचूप ३ मे होते. २५/०३ मात्र तशीच मजकूर म्हणून राहते, कारण पंचविसावा महिना नसतो. तारखांच्या रकान्यात काही नोंदी डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या तर तिथेच थांबा. डावीकडच्या बरोबर असतात, उजवीकडच्या बिघडलेल्या. उपाय म्हणून सीएसव्ही फाईल डबल-क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि त्या रकान्याचा प्रकार स्वतः सांगा. मराठी मजकूर असेल तर तिथेच यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळ्या उत्तरांचा चिनी-लॅटिन भाजीपाला होतो. आणि जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ च्या पुढच्या ओळी मावत नाहीत. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६,००० नोंदी याच कारणाने काही दिवस मोजणीबाहेर राहिल्या होत्या.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक. हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं, की रसायनशास्त्रात वापरली जाणारी एक पायथॉन स्क्रिप्ट वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एकाच डेटाची वेगवेगळी उत्तरं देते. स्क्रिप्ट फाइलींच्या जोड्या लावायची आणि यादी क्रमाने येईल असं गृहीत धरायची. फाइलींचा क्रम मात्र सिस्टिम आपल्या मर्जीने देते. यादी मिळाल्यावर ती ‘सॉर्ट’ करायची, एवढाच उपाय. स्वतःची स्क्रिप्ट एकदा तरी मैत्रिणीच्या, वेगळ्या सिस्टिमच्या मशीनवर चालवून पाहा.

आता माझं. मी जुन्या मराठी मासिकांतल्या लेखांचा संग्रह करून शब्दांची वारंवारता मोजत होते. १९६० ते १९९० चे लेख, टाईप करणारे दोघे. ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द १९७५ नंतर निम्म्याहून खाली आला. मी खूश. ‘कर्ता शेतकरी’ मराठी लेखनातून कसा मागे सरतो, यावर चार पानं लिहूनही टाकली. मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं, “अगं, १९८० ला कांद्याचं, उसाचं आंदोलन झालं, शेतकरी संघटना रस्त्यावर होती, आणि तुझ्याकडे तेव्हाच शेतकरी कमी होतोय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी एका लेखाचं स्कॅन काढलं. शीर्षकातच तो शब्द होता. माझा प्रोग्रॅम त्या लेखात तो शब्द शून्य वेळा दाखवत होता.

हे दोन शब्द पाहा : शेतकऱ्यांनी, शेतकर्‍यांनी. डोळ्यांना एकच. पण पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमध्ये यू+०९३१. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर यू+२००डी हे न दिसणारं जोडचिन्ह आहे. पायथॉनला हे दोन्ही सारखे आहेत का विचारलंत तर तो ‘फॉल्स’ म्हणतो. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन केलं तरीही फॉल्सच. १९७५ पर्यंतचे सगळे लेख एकाने टाईप केले होते, पुढचे बहुतेक दुसऱ्याने. मी शेतकऱ्यांचा इतिहास नव्हे, दोन कीबोर्डांमधला फरक मोजत होते.

मराठी मजकुरावर काम करणार असाल तर मोजणी सुरू करण्याआधी हे करा. मूळ फाइली कुलूपबंद ठेवा आणि प्रतीवर काम करा. त्यात यू+२००डी कुठे कुठे येतं ते शोधा. ऱ्य आणि ऱ्ह ही जोडाक्षरं एकाच पद्धतीत आणा. ‘ॲप’ आणि ‘अ‍ॅप’ यांचंही तेच आहे, तिथेही दोन लिखाणं एकसारखी दिसतात. बदल करण्याआधी दोन्ही रूपं वेगवेगळी मोजा. बदलानंतरची संख्या त्यांच्या बेरजेइतकी आली पाहिजे. नाही आली तर तिसरं रूप कुठेतरी दडलंय. माझ्याकडे होतं, एका ठिकाणी हलन्तानंतर स्पेस पडली होती.

दुरुस्तीनंतर आलेख पुन्हा काढला. रेघ १९८० च्या आसपास खाली जाण्याऐवजी वर गेली. चार पानं काढून टाकली, सेमिनार महिनाभर पुढे ढकलला. टचपॅडचे पैसे गेले ते गेलेच.