तोंडात बदक, पण दात लावायचा नाही!

दारातली चप्पल उचलून घरातला लॅब्रॅडोर ऐटीत मालकापुढे येऊन उभा राहतो आणि वर बोलणी खातो. बिचाऱ्याचा काय दोष? उचलून आणणे हा तर त्याच्या जातीचा पिढीजात धंदा!

या जातीचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या हाताखाली काम करीत. गळातून सुटलेले मासे, पाण्यातले दोर ते ओढून आणीत. एकोणिसाव्या शतकात ही कुत्री इंग्लंडात आली आणि तिथल्या उमरावांनी त्यांना शिकारीच्या कामाला लावले. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली.

ब्रिटन-अमेरिकेत आजही बदकांच्या शिकारीसाठी लॅब्रॅडोर तयार केले जातात. त्यांचे काम बदक मारण्याचे नव्हे. गोळी लागून पाण्यात पडलेले बदक शोधायचे आणि न चावता मालकाच्या हाती द्यायचे.

पहिले धडे घरातच मिळतात. दारे लावून अरुंद बोळात पिलासमोर कापडाची गुंडाळी फेकतात. पळायला वाट नसल्याने ते ती घेऊन परत येते. दोन-तीनदा झाले की खेळ बंद; कंटाळेपर्यंत खेळवले तर हौसच मरते. तोंडातली वस्तू हिसकायचीही नाही, नाहीतर पिलू दात आवळायला शिकते.

पाण्याची ओळख उन्हाळ्यात, उथळ काठावर करून देतात. ढकलायचे मात्र कधीच नाही. बंदुकीचा आवाजही आधी दुरून, मग हळूहळू जवळून. इथे घाई झाली, तर कुत्र्याच्या मनात बसलेली धास्ती घालवणे फार कठीण.

सगळ्यात अवघड धडा स्वस्थ बसण्याचा! बार झाला, बदक पडले, तरी हुकमाशिवाय हलायचे नाही. अवेळी उडी घेणारे कुत्रे पुढच्या गोळीच्या वाटेत येऊ शकते. म्हणून शिकवणारा कित्येकदा गुंडाळी फेकतो आणि स्वतःच जाऊन आणतो. कुत्र्याने नुसते बघत बसायचे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानबदकांच्या शिकारीला मनाई आहे. पण हे धडे घरातही उपयोगी पडतात. चप्पल आणली म्हणून ओरडलात, तर पुढच्या वेळी ती पलंगाखाली सापडेल. त्यापेक्षा शाबासकी द्या, ती हळूच काढून घ्या आणि उद्यापासून वर्तमानपत्र आणायला शिकवा. दात न लावता!