पॅकार्डची नक्कल, डॉजची टॅक्सी

बंगळूरला हेब्बाळच्या उड्डाणपुलाखालून उत्तरेकडे निघालेला बल्लारी रस्ता देवनहळ्ळीवरून पुढे मुद्देनहळ्ळीच्या वाटेला लावतो. ते सर विश्वेश्वरय्यांचं गाव. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आपल्याला ठाऊक असलेले हे इंजिनिअर १९३५ साली मोटारधंदा पाहायला युरोप-अमेरिकेला गेले. मोटार भारतात बनावी हा त्यांचा ध्यास पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उचलला. क्रायस्लरशी बोलणी झाली, म्हैसूर संस्थानही अनुकूल होतं. इंग्रज सरकार मात्र आडवं आलं. बंगळूरला मोटारींऐवजी १९४० मध्ये विमानांचा कारखाना निघाला.

अमेरिकन मोटार आपल्या घरी कशी आणायची, या प्रश्नाशी मॉस्कोही तेव्हा झटत होतं. तिथे परवान्याची भानगड ठेवलीच नाही. स्टालिनला पॅकार्ड आवडे, म्हणून १९४२ च्या पॅकार्डचा नमुना समोर ठेवून युद्ध संपता संपता झिस-११० तयार झाली: एका रांगेत आठ सिलिंडर, सहा लिटरचं इंजिन, १४० अश्वशक्ती. पॅकार्डचे साचेच रूझवेल्टने देऊन टाकले, ही कथा मात्र ऐकायला गोड, एवढंच. सोव्हिएत इंजिनिअरांनी रूप उचललं, पण पत्रा स्वतः ठोकला.

१९५९ ची 'चायका' याहून मजेदार. गोर्की शहरातल्या कारखान्यात बनलेल्या या गाडीचा तोंडवळा १९५५-५६ च्या पॅकार्डचा, गिअर बदलायची बटणं क्रायस्लरच्या धर्तीची. डेट्रॉइटमधली अस्सल पॅकार्ड १९५६ मध्येच थांबली, १९५८ मध्ये नावही पुसलं गेलं. चायका १९८१ पर्यंत निघत राहिली! मूळ घराणं बुडालं आणि नकलेने त्याचा चेहरा पाव शतक सांभाळला.

यंत्र म्हणून तुलना केली तर अमेरिका सरळ पुढे. १९५९ ची कॅडिलॅक ३२५ अश्वशक्तीची, चायका १९५ ची. कॅडिलॅकचे शेपटाकडचे ते उंच पंख मला अजूनही निव्वळ चेष्टा वाटतात. चायका त्यामानाने शहाणी दिसते. पण खरा फरक गिऱ्हाइकाचा. त्या एका वर्षात कॅडिलॅक लाखावर खपल्या, हप्त्यांवरही मिळत. चायका बावीस-तेवीस वर्षांत जेमतेम तीन हजार झाल्या आणि दुकानात एकही आली नाही. ती पदाला मिळे, माणसाला नव्हे. दरवर्षी नवं रूप देऊन गिऱ्हाईक ओढण्याची गरजच नसल्यावर जुना चेहरा टिकणारच.

आणि आपण? वालचंदांची प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली. १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जाऊ लागल्या, रीतसर कराराने. पॅकार्ड-कॅडिलॅकच्या पंगतीतल्या त्या नव्हेत, पण मुंबईच्या गल्लीत त्यांचा थाट कमी नव्हता. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता. सुटे भाग इथेच बनवा, असा सरकारने आग्रह धरल्यावर १९५४ मध्ये तो बंद झाला. प्रीमियर टिकली, तिने फियाट धरली.

मॉस्कोने मोटारीचं अंतरंग खोलून शिकून घेतलं, हे मानलंच पाहिजे. कुर्ल्याला ते धडे उशिरा मिळाले. पण मुंबईत डॉज आणि प्लिमथ टॅक्सी म्हणून धावल्या आणि मीटरचे पैसे मोजू शकेल तो मागच्या रुंद सीटवर ऐसपैस बसला. सोव्हिएत नागरिकाला चायकात बसायचा योग यायचा तो बहुधा लग्नाच्या दिवशी: सरकारी दिमतीतून निवृत्त झालेल्या गाड्या नवरा-नवरीसाठी भाड्याने मिळत.